वल्हे घेतलेली गंगा : इटलीची रूपकचित्रे

काळ, सत्य, मत्सर, कीर्ती, न्याय, दैव यांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. अशा निराकार कल्पनांना माणसाचे शरीर देऊन रंगवलेले चित्र म्हणजे रूपकचित्र. चित्रकार काळाला म्हातारा करतो, सत्याला तरुणी करतो, आणि ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या हातात एक ठरलेली वस्तू देतो. इटलीत सोळाव्या ते अठराव्या शतकात अशी तैलचित्रे मोठ्या संख्येने रंगवली गेली. ती देवळांसाठी नव्हती. सरदार, बँकवाले, कार्डिनल आणि राजे यांच्या दिवाणखान्यांसाठी ती काढून घेतली जात. पाहुण्याने चित्रासमोर उभे राहून एकेक खूण उलगडावी आणि त्यावर चर्चा करावी, हा तिथल्या शिष्टाचाराचाच एक भाग होता. जेवढे चित्र अवघड, तेवढी यजमानाची विद्वत्ता मोठी.

या प्रकारातले सर्वांत गुंतागुंतीचे चित्र फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा दरबारी चित्रकार ब्रॉन्झिनो याचे. त्याने ते १५४५च्या सुमारास लाकडी फळीवर तैलरंगात केले. ड्यूक कोसिमो पहिला याने ते फ्रान्सचा राजा फ्रान्सिस पहिला याला भेट पाठवले असावे, असे मानतात. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मध्यभागी प्रेमदेवता व्हीनस आणि तिचाच मुलगा क्युपिड एकमेकांचे चुंबन घेत आहेत, आणि त्याच क्षणी ती त्याचा बाण हळूच काढून घेते आहे. उजवीकडून एक खिदळणारा पोरगा त्यांच्यावर गुलाब उधळायला धावतो. पायात काटा आरपार रुतला आहे, तरी त्याला त्याचा पत्ता नाही. त्याच्या मागे गोड चेहऱ्याची एक मुलगी मधाचे पोळे पुढे करते. तिच्या झग्याखाली मात्र खवल्यांचे अंग आहे आणि दुसऱ्या हातात स्वतःच्याच शेपटीची नांगी. आणखी नीट पाहिले तर तिचे पंजेही उलटे जोडलेले दिसतात: डाव्या हाताला उजवा पंजा, उजव्या हाताला डावा. डावीकडे अंधारात कोणीतरी केस उपटत किंचाळते आहे. वरती टकला, दाढीवाला, पंख असलेला काळ खांद्यावर वाळूचे घड्याळ घेऊन निळा पडदा ओढतो आहे.

काळ या मोहाचे सोंग उघडे पाडतो आहे, हा सर्वसाधारण अर्थ. तपशिलांवर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. केस उपटणारी आकृती काहींना मत्सर वाटते, तर काहींना त्या काळी युरोपभर पसरलेल्या उपदंश रोगाचे रूप. वरच्या डाव्या कोपऱ्यातली, मुखवट्यासारख्या चेहऱ्याची आकृती विस्मृती की कपट, याचाही निकाल लागलेला नाही. अर्थ कळो न कळो, चित्रातला उघडपणा मात्र सर्वांना कळत होता. नॅशनल गॅलरीने १८६०मध्ये चित्र घेतल्यानंतर व्हीनसच्या अंगावरचे काही तपशील रंग चढवून झाकण्यात आले. हा वरचा रंग निघाला तो १९५८च्या साफसफाईत.

ब्रॉन्झिनोच्या वेळी खुणांचा एकच सर्वमान्य कोश नव्हता. ग्रीक-लॅटिन ग्रंथ जाणणारा दरबारी पंडित चित्राचा आराखडा सांगे आणि चित्रकार तो रंगवी. ही उणीव भरून काढली पेरुजाच्या चेझारे रिपा याने. हा गृहस्थ कार्डिनल साल्व्हियाती यांच्या घरी चाकरीला होता. त्याचे ‘इकोनोलोजिया’ हे पुस्तक १५९३मध्ये रोमला छापले गेले, आणि १६०३च्या आवृत्तीत त्याला चित्रांची जोड मिळाली. गुण, दुर्गुण, कला, ऋतू, देश अशा शेकडो कल्पना अकारविल्हे लावून, प्रत्येकीचा पोशाख काय, हातात काय, पायाशी कोणता प्राणी, याची त्याने यादी दिली. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे युरोपातले चित्रकार आणि शिल्पकार हे पुस्तक उशाशी ठेवून काम करत होते. जुन्या इटालियन चित्रातली अनोळखी बाई कोण, हे ठरवायला अभ्यासक आजही आधी रिपाच उघडतात.

चांगला चित्रकार कोश पाळतो आणि मोडतोही. रिपाच्या मते ‘चित्रकला’ ही विस्कटलेल्या काळ्या केसांची स्त्री असावी, गळ्यात सोन्याच्या साखळीला मुखवटा असावा, वस्त्र रंग पालटणारे असावे, आणि तोंड फडक्याने बांधलेले असावे, कारण चित्र बोलत नाही. आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिने १६३८-३९च्या सुमारास स्वतःलाच या रूपात रंगवले. केस, साखळी, मुखवटा, चमकते वस्त्र सगळे घेतले. तोंडाचे फडके तेवढे वगळले. पुरुष चित्रकाराला चित्रकलेचे रूप घेणे शक्यच नव्हते, कारण रूपकांच्या या जगात बहुतेक कल्पना स्त्रिया आहेत. आर्तेमिझियाने ती सोय पुरेपूर वापरली. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातले हे चित्र एकाच वेळी व्यक्तिचित्र आहे आणि रूपकही.

खुणा उलट्या करूनही बोलता येते. दैवाच्या देवतेच्या हातात फळाफुलांनी भरलेले शिंग असते. साल्व्हातोर रोझा याने १६५८-५९च्या सुमारास ते पालथे केले. दैव आपली सगळी संपत्ती, मानमरातब आणि विद्या जनावरांपुढे ओतते आहे. डुक्कर मोत्यांवर उभे आहे, गाढव चैनीत आहे. पोपच्या दरबारात कोणाला काय मिळते यावरचा हा टोला रोममध्ये सर्वांना कळला, आणि रोझा तुरुंगात जाता जाता वाचला. चित्र आता लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

तिशियनचे ‘शहाणपणाचे रूपक’ मराठी प्रेक्षकाला क्षणभर चकवील. काळ्या पार्श्वभूमीवर एकमेकांना जोडलेली तीन मस्तके: डावीकडे म्हातारा, मध्ये प्रौढ, उजवीकडे तरुण. त्यांच्या खाली लांडगा, सिंह आणि कुत्रा. तीन शिरे आणि खाली श्वान पाहून दत्ताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पण इथे तीन देव नाहीत, तीन काळ आहेत. लांडगा भूतकाळ गिळतो, सिंह वर्तमानात झेप घेतो, कुत्रा भविष्याकडे आशेने पाहतो. वर लिहिलेल्या लॅटिन ओळीचा आशय असा, की मागच्यावरून शिकून आज शहाणपणाने वागावे, म्हणजे पुढचे बिघडत नाही.

खुणांवरून रूप ओळखण्याची सवय मराठी माणसाला देवळातच लागते. शंख-चक्र दिसले की विष्णू, मोर दिसला की कार्तिकेय किंवा सरस्वती, उंदीर दिसला की गणपती. इटालियन चित्रापुढे या सवयीचा उपयोग होतो, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. दत्ताला नमस्कार करतात, नवस बोलतात. ‘शहाणपणा’ला कोणी नवस बोलत नाही. त्याचा जन्म, आईबाप, लीला काहीच नाही. अर्थ सांगून झाला की त्या आकृतीचे काम संपते. व्हीनस, क्युपिड, अपोलो हे एकेकाळी पुजले गेलेले देव होते, पण ख्रिस्ती इटलीत त्यांच्या पूजेला हजार वर्षांहून अधिक काळ खंड पडला होता. म्हणूनच चित्रकाराला ते मोकळेपणाने वापरता आले.

हा फरक नद्यांच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसतो. नाशिकला गोदावरीला सर्रास गंगा म्हणतात आणि तिच्या काठाला गंगाघाट. रामकुंडावर गंगा-गोदावरीचे देऊळ आहे, ते सिंहस्थात बारा वर्षांनी उघडते. वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा मगरीवर, यमुना कासवावर उभी आहे. आपल्याकडे नदी म्हणजे बाई आणि आई, याबद्दल कोणाला शंका नसते. रोमन परंपरेत मात्र नदी म्हणजे दाढीवाला पुरुष, बहुधा कुशीवर रेललेला आणि शेजारी पाणी वाहणारा घडा असलेला. रोमच्या पियात्सा नव्होना चौकात बेर्निनीचे चार नद्यांचे कारंजे १६५१मध्ये पूर्ण झाले. चार खंडांच्या चार नद्या तिथे आहेत: डॅन्यूब, नाईल, ला प्लाता आणि गंगा. ही गंगा धिप्पाड दाढीवाला पुरुष आहे आणि त्याच्या हातात लांब वल्हे आहे. वल्हे कशासाठी, तर या नदीतून नावा चालतात हे सांगण्यासाठी. नाईलने तोंडावर वस्त्र ओढून घेतले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. गंगेबद्दल रोमला जे महत्त्वाचे वाटले ते तीर्थ नव्हते, जलमार्ग होता. बेर्निनीचे काम दगडातले असले तरी तैलचित्रांतल्या नद्याही याच घाटाच्या असतात. चित्राच्या कोपऱ्यात घड्यावर रेललेला म्हातारा दिसला, की तो ऋषी नसून नदी आहे हे समजावे.

खंडांचेही असेच ठरलेले होते. रिपाची आशिया फुलाफळांचा मुकुट घातलेली स्त्री आहे. एका हातात मसाल्यांच्या डहाळ्या, दुसऱ्या हातात धूप जळणारे पात्र, मागे उंट. युरोपला मुकुट, घोडा आणि मंदिर मिळाले. मांडणीतच मानपान ठरलेला होता. व्हेनिसच्या जोव्हान्नी बात्तिस्ता तियेपोलो याने १७५२मध्ये याच विषयाचा तैलरंगातला कच्चा नमुना केला. जर्मनीतल्या व्हुर्त्सबुर्गच्या राजवाड्याच्या जिन्यावरील प्रचंड छतचित्रासाठी तो होता. नमुना आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. छतावर आशिया हत्तीवर बसून येते, अमेरिका सुसरीवर. युरोप सिंहासनावर स्वस्थ बसून आहे. तियेपोलोचा आकाशातला प्रकाश असा आहे की राजकारण लक्षातच येत नाही.

लंडनमध्ये ते लपवण्याची कोणाला गरज वाटली नाही. स्पिरिदिओने रोमा हा व्हेनिसच्या अमलाखालच्या कोर्फू बेटावर जन्मलेला आणि इटलीत काम करून लंडनला आलेला चित्रकार. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील मुख्य कचेरीत, महसूल समितीच्या खोलीच्या छतासाठी त्याने १७७८मध्ये एक चित्र केले. ब्रिटानिया उंच खडकावर बसली आहे, आणि सावळी हिंदुस्थान तिच्यापुढे रत्नमोत्यांचे तबक धरून वाकली आहे. मागोमाग चीन चिनी मातीची भांडी आणि चहा घेऊन येतो. पायथ्याशी टेम्स नदी आहे, अर्थातच दाढीवाला म्हातारा. कलाकृती म्हणून चित्र बेताचे, पण हिशेबाच्या खोलीत लावायला याहून नेमके चित्र सापडणे कठीण. ते छतावर चढले तेव्हा पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. पुढच्याच जानेवारीत, १७७९ साली, मुंबईहून पुण्यावर निघालेल्या कंपनीच्या फौजेला वडगावला मराठ्यांपुढे शरण येऊन तह करावा लागला. रूपकचित्र वस्तुस्थिती सांगत नाही, ज्याने पैसे दिले त्याची इच्छा सांगते. याचा यापेक्षा चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

शंभर वर्षांनी तीच भाषा मुंबईत दगडात उतरली. १८६४च्या फ्लोरा फाउंटनवर रोमन पुष्पदेवता उभी आहे. उच्च न्यायालयाच्या १८७८मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीवर ‘न्याय’ आणि ‘दया’ यांच्या मूर्ती आहेत. पंचवटी एक्स्प्रेसने येणारा नाशिककर जिथे उतरतो त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर उजव्या हातात मशाल उंचावलेली आणि डाव्या हाताजवळ आऱ्यांचे चाक घेतलेली बाई आहे, ती ‘प्रगती’. तिची वंशावळ थेट रिपाच्या पुस्तकापर्यंत जाते. रोज लाखो लोक तिच्याखालून जातात, त्यांतल्या फारच थोड्यांना तिचे नाव ठाऊक असते.

खुद्द युरोपीय तैलचित्रे मराठी मुलखाजवळ आली ती मात्र इंग्रजांच्या नव्हे, संस्थानिकांच्या आणि उद्योगपतींच्या पैशाने. यात नाशिक जिल्ह्याचा वाटा अनपेक्षित आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ गायकवाड हा शेतकरी घरातला मुलगा १८७५मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव तिसरे झाला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या कामासाठी त्यांनी व्हेनिसहून ऑगुस्तो फेलिची या शिल्पकाराला आणले. पुढे प्रजेला युरोपची चित्रकला पाहता यावी म्हणून त्यांनी बडोद्याच्या संग्रहालयाला जोडून स्वतंत्र चित्रदालन बांधले. चित्रांची निवड लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे सोपवली. इमारत १९१४मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रे युरोपात अडकली आणि दालन १९२१मध्ये उघडले. इटालियन, डच, फ्लेमिश, फ्रेंच, इंग्लिश अशा अनेक परंपरांची तैलचित्रे तिथे आहेत. मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात युरोपीय चित्रे आली ती सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून. नाशिकच्या वाचकाला जुने इटालियन तैलचित्र प्रत्यक्ष पाहायचे असेल तर हीच दोन ठिकाणे जवळची.

बडोद्याच्या या वातावरणातूनच रूपकचित्राचे व्याकरण मराठी घरांत शिरले. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून १८८८च्या सुमारास चौदा पौराणिक चित्रे मागवली. रविवर्मा युरोपीय तैलचित्रणाची रीत स्वतः पाहून-पाहून शिकलेला. त्याने लक्ष्मी-सरस्वतीला छायाप्रकाशाचे गोल, भरीव शरीर दिले आणि १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढून ती घरोघरी पोचवली. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे काही काळ काम करणारा एक तरुण त्र्यंबकेश्वरचा होता आणि बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग शिकून आला होता: धुंडिराज गोविंद फाळके. देवाला माणसाचे शरीर देण्याची ती विद्या त्याने नंतर पडद्यावर नेली.

आता चित्राच्या शरीराकडे. जुन्या तैलचित्राचा बराचसा भाग एकाच झाडापासून बनतो आणि ते झाड महाराष्ट्राला अनोळखी नाही. जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून लिननचे कापड होते, तोच कॅनव्हास. आणि जवसाच्या बियांच्या तेलात रंग खलतात. इटलीत अक्रोडाचे तेलही वापरत, कारण ते कमी पिवळे पडते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. वरून कोरडे झालेले चित्र आतून कडक व्हायला कित्येक वर्षे घेते. आधी इटालियन चित्रकार लाकडी फळीवर काम करत. कॅनव्हासची चाल रुळवली ती व्हेनिसने. तिथल्या खाऱ्या, दमट हवेत भिंतीवरची चित्रे टिकत नसत, आणि जहाजांमुळे शिडाचे कापड मुबलक होते. शिवाय गुंडाळी करून चित्र दूरच्या गिऱ्हाइकाकडे पाठवता येई.

रंगांची नावेही ओळखीची निघतात. पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा, तांबडा म्हणजे हिंगूळ, पिवळ्यांत हरताळ. सर्वांत महाग निळा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या राजावर्त दगडाचा. तो सोन्याच्या तोडीने मोजला जाई, आणि करारात किती वापरायचा हे लिहून घेत. ब्रॉन्झिनोच्या पडद्याचा निळा तोच.

चित्राचे वय ठरवताना याच गोष्टी साक्ष देतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला, कृत्रिम राजावर्ती निळा १८२८मध्ये, टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकात. सतराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या चित्राच्या मूळ थरात यांपैकी काही सापडले, तर दावा संपला. उलट शिसे आणि कथलाचा एक पिवळा १७५०च्या सुमारास वापरातून गेला. तो सापडणे ही वयाची चांगली खूण. कोपऱ्यात पाचरी ठोकून ताणता येणारी चौकट अठराव्या शतकाच्या मध्यानंतरची. अगदी एकसारखी वीण यंत्रमागाची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाची. मात्र जुन्या चित्राला मागून नवे कापड चिकटवण्याची पद्धत इटलीत सर्रास होती, त्यामुळे मागची बाजू पाहून घाई करू नये. पृष्ठभागावरच्या भेगांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. त्या भट्टीत भाजूनही पाडता येतात.

बाजारात ‘जुने इटालियन रूपकचित्र’ म्हणून फिरणाऱ्या वस्तूंत नकला फार. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. इटलीची सफर करणारे श्रीमंत प्रवासी आठवण म्हणून प्रसिद्ध चित्रांच्या प्रती विकत घेत, आणि फ्लॉरेन्स-रोममध्ये परवाना घेऊन दालनात बसून प्रती करणाऱ्यांचा तो धंदाच होता. ग्विदो रेनीचे १६१४चे ‘पहाट’ हे रोममधले छतचित्र या कामी सर्वांत लाडके. पुढे फुले उधळणारी उषा, मागे रथात अपोलो आणि भोवती हातात हात घातलेल्या घटिका. मूळ चित्र ओल्या गिलाव्यावरचे आहे, त्यामुळे कॅनव्हासवर तैलरंगात ते दिसले की ती प्रत हे उघडच. लिलावाच्या यादीतली भाषाही जपून वाचावी लागते. नुसते चित्रकाराचे नाव असेल तर ते त्याच्या हातचे असा दावा असतो. ‘कार्यशाळा’ म्हणजे त्याच्या नजरेखाली शिष्यांनी केलेले, ‘अनुयायी’ म्हणजे त्याच्या वळणाने कोणीतरी, कदाचित बरेच नंतर. ‘नंतर’ किंवा ‘च्या मागून’ या अर्थाचा शब्द असेल तर ती निव्वळ नक्कल. या पायऱ्यांगणिक किंमत कोसळते. चित्र सुंदर असण्याशी तिचा फारसा संबंध नसतो.

महाराष्ट्राच्या हवेत असे चित्र सांभाळणे हे वेगळेच काम आहे. नाशिकला उन्हाळ्यात कोरडा ताप, पावसाळ्यात दमट हवा आणि हिवाळ्यात कडक थंडी. कापड आणि सरस ओलाव्याने हलतात, तीनशे वर्षांत कडक झालेला रंगाचा थर हलत नाही, आणि म्हणून तो सुटतो. मागे पिठाच्या खळीने कापड चिकटवलेले असेल तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नये, भिंत आणि चौकट यांत हवा खेळायला जागा ठेवावी, ऊन आणि देवघराचा धूर यांपासून दूर ठेवावे. वरचे व्हार्निश पिवळे पडले म्हणून कांदा, बटाटा किंवा साबणाचे पाणी फिरवणारे लोक चित्राचे जेवढे नुकसान करतात तेवढे वाळवीही करत नसेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. साफसफाई अशा जाणत्या हातांनीच व्हावी.

कायद्याचीही एक बाजू आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू ठरते. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी मालकाला करावी लागते. खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तो अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा. वारशाने आलेल्या चित्राचे मूल्यांकन करून घेण्याआधी खरेदीची पावती, जुनी पत्रे, चौकटीमागच्या चिठ्ठ्या आणि मोहरा जपून ठेवाव्यात. चौकट बदलणारे कारागीर सर्वांत आधी फेकून देतात ते नेमके हेच कागद.